बुडालेल्या अमोसचं गाणं

होझिया ग्रिअरने चर्चपाशी गाडी वळवली ती तिसऱ्यांदा. व्हर्डीवहिनीच्या घरावरून तो दोनदा तसाच पुढे निघून गेला होता, आणि दोन्ही वेळा ओट्यावर बसलेल्या म्हातारीने मान वर करून गाडीकडे पाहिलं होतं. आता न थांबता गेला असता तर शोभलं नसतं. त्याने फाटकापाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, शेवटी किल्ली काढून खिशात टाकली. त्याच खिशात डेट्रॉइटहून आलेलं पाकीट होतं.

"रस्ता विसरलास की घर?" वहिनीने विचारलं. मांडीवर परात घेऊन ती चवळीच्या शेंगा सोलत होती.

"डोळे गेलेत, वहिनी."

"मग गाडी काय नाकाने चालवतोस?"

तो हसला, पण टेकला नाही. चारला चर्चच्या मैदानावर गाणं होतं, अजून अर्धा तास होता. त्याने कठड्याला हात लावला, सोडला, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

अडुसष्ट वर्षांचा झाला तरी त्याच्या पायाला भिंगरी तशीच होती. एकोणिसाव्या वर्षी आर्कान्सातलं हे गाव सोडलं, तेव्हापासून तो एका छताखाली सलग महिनाभर राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कापसाच्या गोदामांत गायला, दारूच्या गुत्त्यांत गायला, रेकॉर्डी निघाल्या, मग लोक विसरलेही. मेम्फिसच्या एका धोबीखान्यात चादरी उकळत दहा वर्षं काढली. तिथून साठच्या दशकात कॉलेजातल्या गोऱ्या पोरांनी त्याला हुडकून काढलं आणि थेट लंडन-कोपनहेगनच्या रंगमंचांवर नेऊन उभं केलं. स्वतः रचलेली दोनशेच्या वर गाणी त्याच्या नावावर होती. तीन लग्नं झाली. हा माणूस फक्त कपडे बदलायला घरी येतो, असं तिघींनीही आपापल्या शब्दांत सांगितलं होतं.

पण तो काहीही गायला, तरी शेवटी लोक ओरडून मागत ते एकच गाणं. सदतीसच्या पुरात नदीच्या बांधावरची खेचरं सोडवताना वाहून गेलेल्या अमोस टालबर्टचं.

अमोस त्याचा मावसभाऊ, व्हर्डीचा नवरा. आणि अमोस वाहून गेला नव्हता, हे होझियाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या जानेवारीत गावातल्या साऱ्या काळ्या माणसांना बंदुकीच्या धाकाने बांधावर वाळूची पोती टाकायला नेलं होतं. दमून खाली बसलेल्या एका म्हाताऱ्याला गोऱ्या मुकादमाने लाथ घातली, आणि अमोसने हातातलं फावडं मुकादमाच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर त्या मुलखात अमोस दुसऱ्या दिवसाची सकाळ बघणार नाही, हे उघड होतं. धावपळीत त्याने होझियाला पोत्यांच्या आडोशाला ओढलं आणि सांगितलं की मी बुडालो म्हणून सांग. सगळ्यांना सांग. व्हर्डीलाही तेच सांग, तिला पोटात ठेवता येणार नाही.

होझियाने सांगितलं, पण शेरीफच्या माणसांना ते पटेना. ते कुत्री घेऊन घराभोवती फिरतच राहिले. तिसऱ्या दिवशी होझियाने गिटार घेतली आणि गाणं रचलं. आठवडाभरात ते शेताशेतांत गेलं. ज्याच्यासाठी सारा गाव गाऊन रडला, त्या माणसाच्या मागावर कोण जाणार? गाण्याने अमोसचा जीव वाचवला आणि पुढच्या एकोणपन्नास वर्षांत, धोबीखान्यातली दहा सोडली तर, होझियाचं पोट भरलं. व्हर्डी मात्र तेविसाव्या वर्षी विधवा होऊन बसली. पोस्टातल्या रॉस्को पेटवेने तिला दोनदा मागणी घातली. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली.

होझिया दर ऑगस्टमध्ये यायचा, गायचा आणि तिच्या घरचं पाणीही न पिता निघून जायचा.

"बस की आता. फळ्या झिजवशील माझ्या," ती म्हणाली.

"वहिनी," तो तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "अमोस पुरात बुडाला नव्हता."

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला नाही.

"तुझ्या गाण्यात बांधावर पाणी किती आहे रे?"

"छातीपर्यंत."

"घोटासुद्धा बुडत नव्हता. मक्याची भाकरी घेऊन मी आले होते ना तिथे."

तो वळला. तिने सगळं सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. अमोस पळाला तो तिच्या बापाचे बूट घालून. बुडालो म्हणून सांग, ही युक्तीही तिचीच. आणि तिला ठाऊक आहे हे होझियाला कळू द्यायचं नाही, हेही तिनेच ठरवलं होतं.

"तुला खोटं रडता येत नव्हतं," ती म्हणाली. "मला फसवतोयस या विचाराने तुझं तोंड असं काही झालं होतं, की ते बघूनच शेरीफ माघारी गेला."

कितीतरी गावं, स्टेशनं, खोल्या होझियाने सोडल्या होत्या, पहाटे उठून कुणाला न सांगता. त्यातली एकेक त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

"मग तू गेली नाहीस त्याच्याकडे?"

"बोलावणार होता."

रस्त्यापलीकडे कुणीतरी मैदानावर खुर्च्या मांडत होतं, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. होझियाने खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला.

"तो गेला, वहिनी. या फेब्रुवारीत. मोटारीच्या कारखान्यात होता, निवृत्त झाला होता. छातीत कळ आली."

तिने परात खाली ठेवली. मांडीवरची सालं झटकली, एक उरलेली शेंग उचलून कठड्यावर ठेवली.

"तिथे दुसरा संसार मांडला होता?"

"हो."

"पत्र आलंय ना? वाच. माझा चष्मा आत आहे."

त्याने वाचलं. वडील शेवटच्या आजारात पहिल्यांदाच आर्कान्साबद्दल बोलले, मुकादमाची गोष्ट त्यांनी सांगितली, होझिया ग्रिअरला कळवा म्हणाले. तुमच्या रेकॉर्डी ते ऐकायचे, पण ते एक गाणं लागलं की उठून बाहेर जायचे. का, ते आम्हाला आत्ता समजलं. इथपर्यंत वाचून त्याने कागदाची घडी घातली.

"कुणी लिहिलंय?"

"मुलीने. थोरल्या."

"तिला नाव असेल ना काही."

जन्मभर त्याने यमकासाठी माणसांची नावं बदलली होती. रूथ म्हणता आलं असतं, क्लारा म्हणता आलं असतं.

"व्हर्डी," तो म्हणाला.

समोरून एक ट्रक गेला. त्याची धूळ खाली बसली तरी ती रस्त्याकडेच बघत होती. मैदानावरच्या कर्ण्यातून कुणीतरी आवाजाची चाचणी घेतली, मग होझियाचं नाव पुकारलं.

"पाकिटावर पत्ता आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. खण उघडल्याचे, मिटल्याचे आवाज आले. कर्ण्यातून त्याचं नाव पुन्हा आलं, या वेळी जरा मोठ्याने. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांवर चष्मा होता, हातात पेन्सिल आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. पान तिने कठड्यावर पालथं ठेवलं आणि तळव्याने सपाट केलं.

"सावकाश सांग," ती म्हणाली. "आधी घराचा नंबर."