तिसऱ्या बाटलीतलं गुलाबपाणी

गुलाबपाणी दोन चमचे घालावं की तीन, इथेच तिची गाडी अडली होती. दोन घातलं आणि ते वाईनच्या वासात बुडून गेलं, तर सगळा खटाटोप पाण्यात. जास्त झालं आणि बाहेरच्या खोलीपर्यंत दरवळ गेला, तर चारचौघांत शोभा. शेवटी तिने जीव मुठीत धरून चार चमचे ओतले. म्हटलं, काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे एकदाचा!

"वहिनी, झबली चढली का?" बाहेरून चष्मेवाले भावजी ओरडले. "इथे घशाला कोरड पडली!"

"चढतायत हो! लग्नाची घाई असल्यासारखं काय करताय?" ती आतून म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

झबली म्हणजे बाटल्यांची बरं का. ती पडदे शिवायची. उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने बाटल्यांना गळ्याशी नाडी बांधायची झबली शिवली होती, म्हणजे कोणती वाईन कोणती ते कुणाला दिसायला नको. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी दुपारी ही मंडळी जमायची. चष्म्याचं दुकान असलेले भावजी, शाळेत पोरांना पाढे शिकवणारी त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या बाई, आणि निवृत्त झाल्यावर तोंडाला कुलूप लावायचं विसरलेले पोस्टमास्तर. चौथा तिचा नवरा. चौघांनी एकेक लाल वाईन आणायची, तिने स्वयंपाकघरात त्यांना झबली चढवून वर आकडा टाचायचा आणि मग बाहेर अंदाजपंचे दाहोदरसे सुरू. जो आपलीच बाटली ओळखणार नाही, त्याने सगळ्यांचे ग्लास घासायचे.

तिच्या नवऱ्याने आजवर एकदाही ग्लास घासले नव्हते. त्याची उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली होती. डोळे मिटून फळी नाकाशी धरली, की लाकूड कुठलं, ओलं किती, कधी कापलं, सगळं सांगायचा. मित्रांनी त्याचं नावच 'नाकोबा' ठेवलं होतं. म्हणून इथे एक नियम होता: घोट नंतर, वास आधी, आणि वासावर पहिला बोलणार नाकोबा. देव्हाऱ्यातला देव बोलावा तसे बाकीचे त्याचं ऐकून घ्यायचे.

आणि त्याच नाकाने तिची झोप उडवली होती.

सुरुवात दुधापासून झाली. तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता आणि चार हातांवर दूध उतू जाऊन करपून कोळसा झालं होतं. ती अंगणातून धावत आली, तर साहेब पान उलटत होते. मग एकदा गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं. घरात पाऊल टाकताच तिला भपकारा आला आणि हा आपला शेजारीच भाजी चिरतोय! "अगं, सर्दी आहे," म्हणाला. तिने मान डोलावली. पण सर्दीला निदान शिंका तरी येतात की नाही? मागच्या बैठकीत तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वास घेण्याआधी त्याने झबल्यावरून बाटलीचा गळा हळूच चाचपला, बूड चाचपलं आणि मगच 'ही माझी' म्हणाला. म्हणून तर या खेपेला तिने जाहीर करून टाकलं होतं, की रिवाज म्हणून झबली चढतील, पण बाटल्या बाहेर येणार नाहीत, ग्लास आतूनच भरून येतील.

तिच्या सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला. वय झालं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग हात कापायला लागले, मग पाय ऐकेनात, शेवटी घास गिळता येईना. डॉक्टरांनी खूप उशिरा सांगितलं, की या कंपवाताच्या दुखण्यात कधीकधी पहिल्यांदा नाकच जातं. सासऱ्यांचं सगळं तिनेच केलं होतं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. त्यामुळे पुढे काय काय असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नवऱ्याला सरळ विचारायचं धाडस मात्र होईना. विचारलं आणि तो 'हो' म्हणाला तर?

पहिला ग्लास सुखाने पार पडला. नाकोबाने तो उजेडात धरून रंग बघितला, फिरवला, नाक खुपसलं आणि म्हणाला, "हलकी आहे. फळं फळं." तेवढं तर रंगावरूनही कळलं असतं. दुसरा ग्लास झाला. बाईंनी स्वतःची बाटली चुकीची ओळखली आणि चष्मेवाले भावजी आपण जिंकल्यासारखे हसले.

मग तिने तिसरा भरून आणला.

ट्रे टेबलावर ठेवताना तिला स्वतःलाच गुलाबाचा वास आला. नुसता आला नाही, नाकावर येऊन बसला. मेलं, जरा कमी घातलं असतं तर! ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. नाकोबाने डोळे मिटले. ग्लासात नाक घातलं. तिने मनातल्या मनात हात जोडले: शिव्या घाला, काय हवं ते म्हणा, कुणी अत्तराची बाटली लवंडली म्हणून माझ्यावर ओरडा, पण ओरडा.

"लाकूड," नाकोबा म्हणाला. "चांगलं मुरलेलं लाकूड. आणि मागून किंचित मिरी."

म्हणजे गुलाब आलाच नाही याला.

चष्मेवाल्या भावजींनी वास घेतला. क्षणभर थांबले, परत घेतला. "लाकूड... हो, आहे बुवा लाकूड."

"मिरी मला आधी आली नव्हती," बाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "पण आता येतेय."

"अगदी वखारीत उभं राहिल्यासारखं!" पोस्टमास्तरांनी शिक्का मारला.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांना माहीत आहे! सगळ्यांना! धडधडीत गुलाब येतोय आणि तिघंही मिरी मिरी करतायत, म्हणजे नवऱ्याने मित्रांना सांगितलंय आणि बायकोला तेवढं अंधारात ठेवलंय. ती वर्षभर एकटी जळतेय आणि ही मंडळी तिच्याच घरात बसून तिच्यासमोर नाटक करतायत!

"पुरे झालं!" ती इतक्या जोरात म्हणाली, की बाईंच्या हातातला ग्लास हिंदकळला. "त्यात मी चार चमचे गुलाबपाणी घातलंय. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं ना, यांना वास येत नाही ते? मग मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी आहे?"



"काय ठाऊक होतं, वहिनी?" चष्मेवाल्या भावजींचा चेहरा खरोखरच कोरा होता. "मला गुलाबच आला होता. पण नाकोबा लाकूड म्हणाला, तेव्हा म्हटलं, आपलंच नाक गंडलं असणार."

"मीही तेच..." बाई पुटपुटल्या.

"मला वाटलं, ही माझी बाटली असणार आणि दुकानदाराने मला सरबत विकलं," पोस्टमास्तर म्हणाले. "गप्प बसलो. अब्रूचा प्रश्न होता."

एरवी या वाक्यावर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. आज कुणी हसलं नाही. सगळे नाकोबाकडे बघत होते आणि नाकोबा ग्लासातल्या वाईनकडे. तेव्हा तिला कळलं, आपण काय करून बसलो ते. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. एकट्याने उरावर घेऊन फिरत होता बिचारा, आणि आपण चारचौघांत त्याला उघडं पाडलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"सर्दीनेही जातो हो वास," बाई घाईघाईने म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवलंत का, भावजी?"

नाकोबाने मान हलवली. नाही. मग बाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं, नवऱ्याने पोस्टमास्तरांची बाही ओढली आणि ग्लास घासायच्या निमित्ताने तिघंही स्वयंपाकघरात गेले. नळ मोठा सोडल्याचा आवाज आला.

ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण मला का नाही सांगितलंत?"

"बाबा गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत लक्षात आलं," तो म्हणाला. "वखारीत दोन फळ्या नाकाशी धरल्या आणि दोन्ही सारख्याच. पण तू तेव्हा नुकती त्यांच्यातून मोकळी झाली होतीस. मशीनवर परत बसायला लागली होतीस. एकदा शिवताना गुणगुणत होतीस. कितीतरी वर्षांनी ऐकलं मी ते. म्हटलं, वर्षभर तरी हिला सुखाने जगू दे. पुढे आहेच परत."

"सुखाने?" तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. "अहो, दूध करपलं त्या दिवसापासून मला धड झोप नाही. तुम्ही कप उचललात की मी तुमच्या हाताकडे बघते, सांडतोय का म्हणून. रात्र रात्र छताकडे बघत पडलेली असते मी!"

त्याने ग्लास बाजूला सारला.

"तू जागी असायचीस?"

"मग?"

"मला वाटायचं, तू झोपलीयेस," तो म्हणाला. "तुझी झोप मोडेल म्हणून मी कूससुद्धा बदलत नव्हतो."

तिने त्याचा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो कापत होता की आपला कापतोय, ते तिला कळेना.

"मीही नव्हते बदलत," ती म्हणाली.