माझं पुढचं चाक

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, आणि माझं पुढचं चाक माझं नाही. नीट बघा. मागच्या चाकाच्या कडेला बारीकशी निळी रेघ आहे. पुढच्याला ती नाही. सध्या मी सेराल्तो गावात एका वाईनच्या दुकानाबाहेर भिंतीला टांगलेली असते. माझ्या हँडलला त्यांनी लाल फुलांची कुंडी अडकवली आहे. टेकड्यांवरून सायकली हाकत येणारे पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "अगं बाई, किती गोड!" गोड? मी कधीच गोड वगैरे नव्हते. मी शर्यतीची सायकल होते, आणि तीही पाणक्याची.

मला ओरेस्ते नावाच्या कारागिराने घडवलं. पोलादी नळ्या, सांध्यांत वितळलेलं पितळ, आणि मग दिवसचे दिवस कानस. तो काम करताना अखंड कुरकुरायचा, पण हात फार हलका होता त्याचा. दोन्ही चाकांवर निळी रेघ त्याने स्वतः ओढली. ती त्याची खूण होती. माझा रंग मात्र देल्फीनोने सांगितला. देल्फीनो म्हणजे माझा धनी. त्याला पिकलेल्या बार्बेरा जातीच्या द्राक्षाचा काळसर जांभळा रंग हवा होता, कारण त्याच्या घरच्या मळ्यात तेवढंच पिकायचं.

त्याने मला घरी नेलं तेव्हा त्याचा बाप एवासियो अंगणात वेली बांधायच्या काड्या भिजवत बसला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"द्राक्षाचा रंग दिलास होय? छान. मग उद्या हिलाच ने छाटणीला."

देल्फीनो हसला. बाप हसला नाही. एकुलता एक मुलगा, टेकडीभर मळा, आणि पोराच्या डोक्यात शर्यती! त्याच हिवाळ्यात, ऐन छाटणीत, देल्फीनो मला घेऊन निघाला. आई एर्नेस्ताने पाव आणि चीज फडक्यात बांधून दिलं आणि डोळे पुसले. एवासियो फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "जा बाबा, जा. ज्या दिवशी आपल्या गावच्या चढावर तू सगळ्यांच्या पुढे दिसशील, त्या दिवशी मी तुझ्याशी बोलेन. तोवर तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी."

म्हाताऱ्याला ठाऊक होतं, पोरगा काही पहिला येणाऱ्यातला नाही. म्हणूनच तो तसं बोलला.

आणि खरंच, देल्फीनो पहिला कधीच आला नाही. त्याच्या संघाचा कप्तान होता बेनासी. बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचं. वारा आपण अंगावर घ्यायचा, कप्तानाने मागे आडोशाला राहायचं. झरा दिसला की थांबायचं, बाटल्या भरायच्या, त्या सदऱ्यात कोंबायच्या आणि पुन्हा ऊर फुटेस्तोवर पळून घोळका गाठायचा. म्हणून यांना पाणके म्हणत. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही हो. भरलेल्या बाटल्यांचं ओझं घेऊन चढ चढणं शिखरावर फुलं घेण्याहून अवघड असतं, हे चढणारीलाच कळतं.

पाणक्यांचा आपसांत एक नियम होता. दिलेलं पाणी आणि दिलेलं चाक बोलून दाखवायचं नाही. बोलून दाखवतो तो पाणक्या नव्हे, सावकार, असं ते म्हणत. देल्फीनो हा नियम फार पाळायचा. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

अशी बरीच वर्षं गेली. बाप बोलला नाही. देल्फीनो सणाला घरी जायचा, तेव्हा म्हातारा आपली थाळी घेऊन मळ्यातल्या खोपीत जाऊन जेवायचा.

मग एका उन्हाळ्यात अनेक दिवस चालणाऱ्या मोठ्या शर्यतीचा रस्ता सेराल्तोवरून ठरला. आमच्यात एक जुनी रीत आहे. शर्यत एखाद्याच्या गावावरून जाणार असली, की घोळका त्याला थोडं पुढे सोडतो. त्याने एकट्याने गावात शिरायचं, आईबापांना भेटायचं, टाळ्या घ्यायच्या. मग घोळका येऊन त्याला पोटात घेतो. तेवढा वेळ कुणी वेग वाढवून पुढे निसटत नाही. आदल्या संध्याकाळी बेनासी देल्फीनोच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "उद्या तू राजा, लेका! पण आईचा मुका घेताना पाण्याची बाटली विसरू नकोस."

तेवढ्यात खानावळीत आईचा फोन आला. देल्फीनो फोन ठेवून आला तो लहान पोरासारखा उड्या मारतच. "बाबा रस्त्यावर येणार आहेत! माझ्या जन्माच्या वर्षीची वाईनची बाटली त्यांनी तळघरातून वर काढलीय. आई म्हणते, सकाळपासून तीनदा पुसली!" त्याने त्या रात्री माझी साखळी स्वतः पुसली, आणि दोन्ही चाकांवरच्या निळ्या रेघाही.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या धुळीच्या रस्त्यावरून आम्ही चढाच्या पायथ्याशी आलो. दोन्ही अंगांना वेलींच्या रांगा, वर गावचा विटांचा मनोरा. घोळक्याने वाट दिली. "जा रे जा! बापाला आमचाही नमस्कार सांग!" दुसऱ्या संघांची पोरंसुद्धा ओरडली. आम्ही सुटलो. मी त्या दिवशी जशी धावले तशी पुन्हा कधी धावले नाही. पुढे कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

आणि मागून हाक आली. "देल्फीनो! चाक!"

बेनासीचं पुढचं चाक खड्ड्यात जाऊन पार वाकलं होतं. आमचे बाकीचे पाणके मागच्या टेकडीवरच गळाले होते आणि संघाची गाडी धुळीत कुठेतरी अडकली होती. जवळ होतो ते आम्हीच. मित्रांनो, ती हाक ऐकू आली नाही असं तो म्हणू शकला असता. वर बँड वाजत होता. कुणी त्याला दोष दिला नसता. मी मनात म्हणत होते, नको वळूस, आजच्या दिवस नको.

त्याने माझं हँडल वळवलं. खाली येऊन माझं पुढचं चाक काढलं आणि बेनासीच्या हातात दिलं.

"अरे वेड्या, तुझं गाव..."

"घे. बोलू नकोस, घे."

बेनासी माझ्या चाकावर निघून गेला. घोळका गेला. आमची गाडीही आली, पण ती कप्तानाच्या मागे धावत होती. "मागून दुसरी येतेय!" एवढं ओरडून ती गेली. देल्फीनो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला. मी एका चाकाची त्याला टेकून. दुसरी गाडी काही येईना. शेवटी त्याने मला खांद्यावर घेतलं आणि चढ चालायला लागला.

वर काय घडलं ते मला पुढे एर्नेस्ताच्या तोंडून कळलं. एवासियो कोट घालून, बाटली काखेत धरून चौकात उभा होता. घोळका आला, गेला. देल्फीनो नाही. गावच्या न्हाव्याने खालून स्कूटरवर येणाऱ्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "देल्फीनो? तो खाली कठड्यावर बसलाय, पाय सोडून!" लोक हसले. न्हावी म्हणाला, "एवासियो, तुझ्या पोराला बापापेक्षा कठडा बरा वाटला बघ!" म्हातारा वळला. बाटली काखेत घेऊन घरी गेला.

आम्ही पोचलो तेव्हा चौकात खुर्च्या उचलत होते. पाठोपाठ दुसरी गाडी आली, मला परकं चाक बसवलं, आणि गाडीवाला ओरडला, "चल, नाहीतर वेळेबाहेर जाऊन शर्यतीतून बाद होशील! उद्या कप्तानाला पाणी कोण देणार?" देल्फीनोने एकदा मळ्याकडे पाहिलं. मग पाय मारला. संध्याकाळी कळलं, त्या दिवसाचा टप्पा बेनासी जिंकला होता.

द्राक्षतोडीला आम्ही घरी गेलो. मला स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टेकवलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्या दिवशी म्हातारा थाळी घेऊन खोपीत गेला नाही. टेबलाशीच बसला. मग त्याने विचारलं, "त्या दिवशी तू कठड्यावर का बसला होतास?"

माझ्या अंगावर काटा आला असता, जर सायकलीच्या अंगावर काटा येत असता तर. सांग रे, सांग! नाहीतर बापाला बाहेर आण, माझी दोन चाकं दाखव, एकाला रेघ आहे, एकाला नाही!

देल्फीनो म्हणाला, "बसावं लागलं, बाबा."

मग एवासियोने पाव कापल्याचा आवाज आला. जाताना तो माझ्याजवळून गेला. वेलीचं एक पान आजारी पडलं तर लांबून ओळखणारा माणूस, पण माझं चाक परकं आहे हे त्याला दिसलं नाही. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात छाटणी करता करताच तो गेला.

मातीला बेनासी आला. हातात काळ्या फडक्यात गुंडाळलेलं माझं चाक. निळी रेघ तशीच. तो एर्नेस्ताला म्हणाला, "मावशी, याच्यावर मी जिंकलो. त्याने स्वतःचं गाव सोडून मला हे दिलं. बाबांच्या हातात द्यायचं होतं, राहूनच गेलं."

"कुठलं चाक?" एर्नेस्ता म्हणाली.

बेनासीचा चेहरा उतरला. "मला वाटलं... तुम्हाला ठाऊक असेल."

त्याने सगळं सांगितलं. म्हातारीने ते ऐकलं आणि ती देल्फीनोच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. "एक शब्द, मेल्या! अरे, एक शब्द! माणूस कोट घालून उभा होता रे!" देल्फीनो मार खात उभा राहिला. मग ती तळघरात गेली आणि ती बाटली घेऊन आली. उघडली तर आत वाईनचा नुसता आंबट शिरका झाला होता. देल्फीनोने पेला भरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

त्याने शर्यती सोडल्या. मरेपर्यंत तो मला घेऊन रोज मळ्यात गेला आणि बापाच्या वेली त्याने छाटल्या. रेघेचं चाक त्याने मला परत बसवलं नाही. बापाच्या रांगेच्या टोकाला, गुलाबाच्या झुडपाशेजारी, खांबाला ठोकून ठेवलं. इथून मला ते दिसतं. पार गंजलं आहे. देल्फीनोही आता त्याच टेकडीवर, बापाशेजारी आहे.

मित्रांनो, तुमची सायकल पावसात टाकू नका, साखळीला तेल घाला. ते तुम्ही कराल, शहाणी मुलं आहात. पण घरी कुणी विचारलं, "का रे बसला होतास?", तर सांगून टाका. त्याच दिवशी, त्याच ताटावर. म्हातारी माणसं दुसऱ्यांदा विचारत नाहीत.