मसूदची डुबकी

इस्राएलमधल्या त्सफात गावात माझा नवरा मसूद चर्मपत्रावर ज्यू प्रार्थनेची चित्रं काढतो. स्तोत्राच्या अक्षरांची सात फांद्यांची समई आणि वर देवाचं नाव. नाव लिहिण्याआधी शुद्धीसाठी कुंडात डुबकी मारावी लागते, म्हणून आज सकाळी तो टॉवेल घेऊन गेला.

दुपारी मांजरानं शाई सांडली, नेमकी नावाच्या जागेवर! मला वाटलं, नाव तर सकाळीच लिहून झालं असणार. देवाचं नाव खरवडायचं नसतं. अख्खं चित्र पुरावं लागतं.

मसूद खाली बघत म्हणाला, "पाणी बर्फासारखं होतं गं. चहा पिऊन परत आलो. नाव लिहिलंच नाहीये."

त्यानं डाग वाळू दिला, सुरीनं खरवडला आणि टॉवेल उचलला.

"थांब," मी म्हटलं, "आधी मांजर हाकल. तुझा आळस रोज कामाला येणार नाही."