उलटी वळणं

गोठ्याचं दार आतून लावून मुहेदिनने सळई मांडीवर घेतली. कोकराची कलेजी, हृदय, फुफ्फुस असे तुकडे तिच्यावर ओवून झाले होते, वरून चरबीची जाळीही चढवली होती. राहिलं होतं ते खरं काम. लांबलचक आतडं त्यावर घट्ट गुंडाळायचं. सैल राहिलं तर निखाऱ्यावर सगळं सुटून येतं, मग त्याला कुकुरेच कोण म्हणेल?

संत जॉर्जच्या सणाला गावाचा कुकुरेच मुहेदिनच्या हातचा, हे त्याच्या तरुणपणापासूनचं. हात थकला की सळई दुसऱ्याकडे द्यायची, ही गावाची रीत. हिवाळ्यात त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून तो कोटाच्या खिशात लपवून हिंडत होता. पण आज एका हाताने काय होणार? आतडं पुन्हा पुन्हा घसरून गवतावर पडलं.

त्याची बायको नाफिये बादली घेऊन उभी होती. ओढ्यावर बसून, काठीने उलटवून तिनेच ते आतडं धुतलं होतं.

"पुन्हा धुऊ, की कोंबड्यांना घालू?"

"अगं, इथं माझा जीव चाललाय!"

"जीव नाही, मिजास चाललीये. सरका."

ती समोर बसली आणि सळईची टोकं धरून फिरवू लागली. त्याने डाव्या हाताने आतडं ताणून धरलं.

"हळू गं, लोकर कातते आहेस का?"

"तुम्ही ताण सोडू नका म्हणजे झालं."

वेढ्याशेजारी वेढा बसत गेला. दोघं कुणाला काही बोलणार नव्हती.

दुपारी चर्चमागच्या माळावर मुसलमान-ख्रिस्ती सगळं गाव जमलं. गावातला सगळ्यांत म्हातारा किचो निखाऱ्यांपाशी सळई फिरवत होता. चरबी टपटपत होती. एकाएकी तो थांबला.

"मुहेदिन, यंदा वळणं उलटी कशी रे? तुझी अशी नसतात. गुंडाळलं कुणी?"

पुरुषांनी राकीचे पेले खाली ठेवले. 'नवी तऱ्हा आहे' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पलीकडे नाफिये मान खाली घालून पाव कापत होती. ती जन्मात ब्र काढणार नाही, हे मुहेदिनला ठाऊक होतं. तेच ठाऊक असल्याने खोटं त्याच्या तोंडून निघेना.

त्याने लुळा हात खिशातून काढून सगळ्यांसमोर ठेवला.

"हा गेला, किचोकाका. डाव्याने ताण धरला, सळई नाफियेने फिरवली. इतकी वर्षं आतडी धुतली तिने आणि नाव झालं माझं. रांधणारीला सगळे म्हणतात, पण 'तुझे हात सुखी राहोत' असं मी तिला एकदाही म्हटलं नाही."

किचोने टोकाचा तुकडा कापला, फुंकला आणि उरल्यासुरल्या दातांनी बराच वेळ चघळला.

"वेढा एकही सुटलेला नाही," तो म्हणाला. "पण रीत ती रीत. दे सळई."

मुहेदिनने डाव्या हाताने सळई उचलून त्याच्यापुढे धरली.

"मला काय देतोस गाढवा? तिला दे!" किचो नाफियेकडे वळला. "पोरी, तुझे हात सुखी राहोत. पुढल्या सणाला ह्याला ताण धरायला ठेवशील ना?"

"बघू. कुरकुर कमी केली तर."

माळभर हशा पिकला. "तुमच्या अंगी लागो," नाफिये सगळ्यांना म्हणाली आणि कुकुरेच कापायला बसली.

मुहेदिन तिच्याजवळ जाऊन बसला. तिने त्याच्यासाठी तुकडा काढला, तो त्याने तिच्याच तोंडापुढे नेला.

"आधी तू," तो म्हणाला. "तुझे हात सुखी राहोत."