उत्तराला दोन दिवस

पोर्ट हॅलकेटचा पोस्टमास्तर ह्यू टेलफर याला एक खोड होती. कुणी एखाद्या गोष्टीवर अडून बसलं की ते का अडलंय हे कळेपर्यंत याच्या पोटात अन्न जात नसे. ते साल अठराशे सहासष्ट, आणि त्या आठवड्यात त्याचं दोन वेळचं मटण तसंच परत गेलं होतं.

अडून बसला होता आगबोट कंपनीचा एजंट, कॅप्टन थॉरल्ड. तो टपालाचा करार घेऊन आला होता. न्यूझीलंडच्या या दक्षिण टोकाला विलायतेची पत्रं दर महिन्याला पनामामार्गे आणायची, आणि तीही बावन्न दिवसांत. आजवर साठ लागत. प्रांताच्या कौन्सिलचे अध्यक्ष बॅलिंगल साहेब, हजारो मेंढ्यांचे मालक, हे ऐकून असे हरखले की बोलता सोय नाही.

"आठ दिवस वाचले, मास्तर! आठ!" ते टेबलावर थापा मारत होते.

थॉरल्डही सगळ्याला हो म्हणत होता. बोट उशिरा आली तर दंड? कबूल. टपालाच्या थैल्यांना कुलपाची खोली? कबूल. टपालासोबतच्या अधिकाऱ्याला फुकट जेवण? "कबूल, वर पुडिंग घालतो." फक्त अकराव्या कलमावर गडी घोरपडीसारखा चिकटला. येणारी बोट दहा तारखेला लागणार, आणि जाणारी नऊला सुटणार.

"नऊलाच का?" ह्यूनं विचारलं.

"वेळापत्रक आहे तसं."

"ते काय आकाशातून पडतं होय, कॅप्टनसाहेब? बारा करा."

"अकराव्या कलमाला हात लावलात, तर मी करार गुंडाळून परत नेतो."

बॅलिंगल साहेबांचा जीव खाली-वर झाला. "अहो मास्तर, नऊ काय नि बारा काय! पत्र लवकर येण्याशी मतलब."

"आणि उत्तराचं काय, साहेब? दहाला पत्र आलं, तर जाणारी बोट आदल्याच दिवशी गेलेली. उत्तर पुढच्या नऊ तारखेपर्यंत पोस्टात पडून. आत्ताची बोट निदान चार दिवस थांबते. आठ दिवस कमावून महिना घालवायचा, हा कुठला शहाणपणा?"

आता बघा, सात शहाणी माणसं तीन दिवस टपालावर डोकं फोडत होती, आणि पत्राला उत्तर असतं हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं! शेवटी बॅलिंगल साहेब पुटपुटले, "उत्तराची एवढी घाई आहे तरी कुणाला? परवा सह्या करू."

घाई ह्यूला होती. त्याची नऊ वर्षांची एफी तिकडे एडिंबरोत आजीजवळ होती. छाती नाजूक, म्हणून डॉक्टरांनी तिला समुद्रप्रवासाची बंदी केली होती. पोर बापावरच गेली होती. तिच्या पत्रात प्रश्नांखेरीज काही नसे. तिकडचे पोपट बर्फात काय करतात? आपलं घर रात्री हलतं का? ह्यू पानंच्या पानं उत्तरं लिही. ती पोचेपर्यंत चार महिने लोटत आणि एफी विचारी, "बाबा, कुठले पोपट?" आता त्यात उत्तर महिनाभर पोस्टातच पडून राहणार. असं करत करत ही मुलगी आपल्याला विसरून जाईल, या भीतीनं त्याला ग्रासलं होतं.

एफीचा घर हलण्याचा प्रश्न खराच होता, कारण टेलफर नवराबायको बंदरात नांगरलेल्या ‘मार्था’वर राहत. एके काळी देवमाशांच्या शिकारीचं जहाज ते. डोलकाठ्या गेल्या, वर पत्र्याचं छप्पर चढलं, झालं घर. शेजारीच कंपनीचं कोळशाच्या साठ्याचं जहाज होतं. धक्क्याला पाणी उथळ, म्हणून मोठ्या बोटी तिथंच कोळसा घेत. थॉरल्डची बोटही तिथंच लागली होती.

संध्याकाळी ह्यू घरी आला, तो बायको इसोबेल दोरीवरच्या चादरी ओरबाडून काढत होती.

"बघ, बघ हा अवतार! धुतल्यात की कोळशात लोळवल्यात? कालपासून भरतायत मेले! एका बोटीचं पोट ते केवढं असावं?"

"कालपासून? या एकाच बोटीला?"

"हो तर. अजून अर्धा दिवस लागेल म्हणे. त्यात दुसरी बोट येऊ दे, मी तुझ्या पोस्टातच बिऱ्हाड थाटते."

ह्यू हातात चादर धरून तसाच उभा राहिला. "दुसरी आली तर... इसोबेल, दुसरी आली तर ती कोळसा घेणार कुठून?"

"मला काय विचारतोस? धर ते टोक."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यानं थॉरल्डला खानावळीत गाठलं. "तुमच्याकडे कोळशाचं जहाज एकच आहे. दोन बोटी एका वेळी बंदरात नकोत, म्हणून एकीला आदल्या दिवशी हाकलायची. हेच ना?"

थॉरल्डनं चमचा खाली ठेवला आणि तो मोठ्यानं हसला. "बावीस बंदरं फिरलो, मास्तर. हे ओळखणारे तुम्ही पहिले."

"मग कौन्सिलात का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर बोभाटा लंडनपर्यंत गेला असता. मग आमचे मालक म्हणाले असते, असलं गैरसोयीचं बंदर हवंच कशाला? तुमचंच नाव कटलं असतं. दुसरं जहाज द्यायला ते तयार नाहीत. तुम्ही द्या, तीनशे टन मावेल असं. मी आत्ता नवाचे बारा करतो." बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली. पाण्यावर ‘मार्था’ डुलत होती.

"बोलू नका," ह्यू म्हणाला.

"मी कुठं काय बोललो?"

घरी येऊन त्यानं इसोबेलला सगळं सांगितलं. ती हातातलं पातेलं तसंच टाकून उठली. मग कडाडली, "माझ्या चुलीवर कोळशाचे ढीग? आणि एफीचं काय? माझे आईबाबा जहाजात राहतात म्हणून अख्ख्या शाळेत मिरवते ती!"

"तू नाही म्हणालीस तर विषय संपला."

"दर पत्रामागे महिना वाचतो? खरंच?"

"दर पत्रामागे."

तिनं कमरेचा ॲप्रन डोळ्यांना लावला. "मग घाल ते जहाज खड्ड्यात."

सह्या झाल्या. अकराव्या कलमात बारा तारीख आली. टेलफरांचं बिऱ्हाड पोस्टामागच्या दोन खोल्यांत गेलं, आणि जमीन हलत नाही म्हणून इसोबेलला आठवडाभर झोप लागली नाही.

सप्टेंबरच्या दहा तारखेला नव्या कराराची पहिली बोट आली. तिच्यात आजीचं पत्र होतं: "एफीला डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली. आपले पाद्री नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेला सहकुटुंब तिकडे यायला निघतायत. ते तिला सांभाळून आणतील. पण तुमचा होकार हातात आल्याशिवाय मी पोर बोटीवर चढवणार नाही. अशी सोबत पुन्हा मिळायची नाही."

ह्यूनं बोटं मोजली. परवा निघालेलं उत्तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचेल. पुढच्या महिन्यात निघालं असतं तर पाद्री केव्हाच गेले असते. तो थैलीवरच बसला.

आत एफीची चिठ्ठी होती. या खेपेला तिनं प्रश्न विचारला नव्हता. "बाबा, तुम्ही लिहिलं होतंत ना, जहाजातली ती गोल खिडकी माझी. कुणाला देऊ नका हं."

इसोबेल रडत होती आणि हसतही होती. "आता हिला काय सांगशील?"

"खरं ते."

त्यानं आजीला एका ओळीत "पाठवा" म्हणून कळवलं. खाली लिहिलं: "एफी, खिडकी मी देऊन टाकली, बाळ. ती दिली म्हणून हे पत्र तुला वेळेवर मिळतंय. लवकर ये आणि हवे तेवढे प्रश्न विचार. इथं लगेच उत्तर मिळेल."

बारा तारखेच्या सकाळी टपालाची थैली तो स्वतः होडीतून घेऊन गेला. बोट ‘मार्था’ला खेटून उभी होती आणि त्या गोल खिडकीतून काळी धूळ बाहेर येत होती. ह्यूनं थैली वर दिली, पावती घेतली आणि बोट वळणाआड जाईपर्यंत होडी तिथंच धरून ठेवली.