तोंडपाठ झालेला पेशंट

सिस्टरचं घोडं अडलं होतं ते निबंधापाशी. इंग्रजीच्या परीक्षेतलं ऐकणं, वाचणं, बोलणं तिला व्यवस्थित जमायचं. निबंध आला की अर्ध्या गुणानं आपटायची. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं नोकरी देऊ केली होती, पण जागा धरून ठेवली होती ती या शेवटच्या प्रयत्नापुरतीच. आणि तिला जायचं होतं हो, काहीही करून जायचं होतं! नवऱ्याला वाटायचं, बायकोला पगार खुणावतोय. पगार गेला खड्ड्यात. तिला इथल्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरमधून सुटायचं होतं.

इंग्रजीच्या क्लासचे सर भला माणूस, पण बोलायला फटकळ. तिचा कागद हवेत हलवत म्हणाले, "बाई, हा निबंध आहे की औषधाच्या बाटलीवरची सूचना? सगळं बरोबर, आणि जीव कशातच नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण द्या. तपासणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे!"

विषय होता, वरिष्ठांची चूक हाताखालच्या माणसानं बोलून दाखवावी का. आता या बाईला काय म्हणावं! शहाण्या माणसानं इथं पेन खाली ठेवलं असतं. पण वर्षभर पोटात दाबून ठेवलेलं होतं, ते परक्या भाषेत सरळ बाहेर पडलं. साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला एक माणूस. आत जाताना चष्मा काढून तिच्या हातात दिला, म्हणाला, "जपून ठेवा, माझं याच्याशिवाय चालत नाही." भूल देणारा डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेला होता. मॉनिटर वाजायला लागला, वाजतच राहिला, तसं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं डोकं उठलं. "सिस्टर, आवाज बंद करा तो." तिनं बटण दाबलं. पडद्याकडे पुन्हा कुणाचं लक्ष गेलं तोवर सगळं संपलं होतं. नातेवाइकांना सांगितलं, हृदय कमजोर होतं. चष्मा तिनंच त्याच्या बायकोला नेऊन दिला. शेवटी तिनं लिहिलं, यंत्र खरं बोलत होतं, आम्ही त्याला गप्प केलं.

सरांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "कुठून आणलंत हो हे?"

"सुचलं," ती म्हणाली.

सुचलं म्हणे! या एका शब्दानं तिनं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्या क्लासची रीतच अशी होती की निबंध चांगला निघाला, की सर त्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येक बॅचला वाटायचे. मग सगळे तो घडाघडा पाठ करायचे आणि बेधडक स्वतःच्या नावावर खपवायचे. आठवडाभरात क्लासच्या जिन्यात तिचा पेशंट ज्याच्या-त्याच्या तोंडी होता. कुणी म्हणे माझ्या मावशीच्या हॉस्पिटलात घडलं, कुणी म्हणे मी स्वतः पाहिलं, आणि एका पठ्ठ्यानं तर चष्म्याच्या जागी घड्याळ केलं. सिस्टरच्या जिवाचं पाणी व्हायचं. पण बोलणार काय? खरं आहे म्हटलं तर स्वतःच अडकली असती.

मग एका सकाळी डॉक्टरांची मुलगी गाडीची किल्ली न्यायला हॉस्पिटलमध्ये आली. परीक्षा तिचीही जवळ आलेली. हातात कागद, ओठांची हालचाल चालू. सिस्टर केबिनच्या दाराशी पोचली आणि आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काय गं पुटपुटतेयस? मोठ्यानं म्हण बघू."

मुलीनं म्हटलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, कुठंही न अडखळता. दाराबाहेर सिस्टर आपलंच एकेक वाक्य ऐकत उभी राहिली.

"सिस्टर, बाहेर का उभ्या? आत या की," डॉक्टर म्हणाले. दार अर्धं उघडं होतं, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "ऐकलंत ना? फार छान लिहिलंय. कुणी लिहिलंय गं हे?"

"काय माहीत, बाबा. सगळ्या क्लासला पाठ आहे. जो तो सांगतो, माझ्यासमोर घडलं."

डॉक्टर हसले. चिडले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी प्रेमानं हसले. "इतक्या जणांसमोर घडलं म्हणजे कुणासमोरच घडलं नाही. काय, सिस्टर?"

"हो, डॉक्टर."

"तुमचीही परीक्षा आहे म्हणे. शुभेच्छा हं. लिहा बिनधास्त."

त्या दिवसापासून ती भ्यायली ती भ्यायलीच. परीक्षेसाठी दुसरं उदाहरण तयार केलं, शेजारच्या बंद पडलेल्या दुकानाचं. पण परीक्षेच्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रश्न उमटला तो नेमका वरिष्ठांच्या चुकीचा. दुकानाची दोन वाक्यं लिहून झाली आणि तिला स्वतःचाच संताप आला. बटण दाबलेला हात माझा, चष्मा नेऊन दिला मी, आणि मीच लिहायचं नाही? तिनं सगळं पुसलं आणि चष्म्यापासून सुरुवात केली. इतकं चांगलं तिनं जन्मात लिहिलं नव्हतं. पुढच्या रांगेत डॉक्टरांची मुलगी टाईप करता करता मान डोलावत होती, पाठ केलेलं आठवताना डोलावतात तशी.

निकाल आला. निबंध पाठ केलेला आहे, सबब गुण नाहीत. क्लासमधल्या सगळ्यांना तेच उत्तर, सिस्टरलाही तेच.

सरांचा फोन आला. "माझंच चुकलं, बाई. पण तुम्ही तरी घोकलेलं लिहायचं नव्हतं! तुम्हाला तर स्वतःचं सुचत होतं."

ती रडली, अगदी हमसाहमशी रडली. नवरा पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? इथं काय वाईट चाललंय आपलं?" डॉक्टरांच्या मुलीला काय, ती पुन्हा बसणार होती. परदेशातली जागा मात्र दुसरीला गेली.

पुढच्या सोमवारी थिएटरमध्ये एक तरुण बाई आली, किरकोळ ऑपरेशनसाठी. आत जाताना तिनं कानातले काढून सिस्टरच्या हातात दिले आणि ओशाळून हसली. "सांभाळा हं. आईचे आहेत."

भूल देणाऱ्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला. थोड्या वेळानं मॉनिटर वाजायला लागला.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "सिस्टर," एवढंच म्हणाले.

पुढचं तिला पाठ होतं. खिशातल्या कानातल्यांवर एक हात घट्ट धरून तिनं दुसरा हात लांब केला, आणि आवाज थांबला.