दुसऱ्याची जागा

'सर्व संबंधितांना सहभागी करून घ्यावे' असं राजधानीत बसून लिहायला काय जातं? लिहिणाऱ्याच्या बापाचं काही जात नाही. सहभागी करून घ्यायचं ते आराखडेबाईंनी.

हे नाव बाईंना बंदरावरच पडलं होतं. राष्ट्रीय सागरी आराखड्यातला इथला पट्टा त्यांच्या गळ्यात होता. जहाजं कुठून जातील, पवनचक्क्या कुठे उभ्या राहतील, वाळू कुठे उपसायची, मासे कुठे धरायचे, हे सगळं एकदाच नकाशावर ठरवून टाकायचं, म्हणजे पुढे भांडणं नकोत. त्यासाठी आधी सगळी भांडणं एकाच सभागृहात भरवायची, असा तो एकूण प्रकार. तीन वर्षं बाई ती भरवत होत्या आणि वर बिस्किटंही पुरवत होत्या.

जहाजवाल्यांनी निळ्या टिकल्या चिकटवल्या, पवनचक्कीवाल्यांनी हिरव्या. दोघांचंही काम चहा यायच्या आत झालं. लाल टिकल्या मासेमारांच्या. 'तुम्ही जिथे जाळं टाकता तिथे एक टिकली लावा', एवढंच सांगितलं होतं. त्यावर अख्खी सकाळ गेली. एकेक जण परीक्षेतल्या पोरासारखा कोपर आडवं धरून नकाशावर वाकायचा, पाठीमागे कोण बघतंय ते बघायचा, आणि टिकली लावून असा परत यायचा की जणू आपण त्या गावचेच नाही.

शेवटी बाईंनी नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. झाडून सगळ्या लाल टिकल्या बंदराच्या तोंडाशी, गाळात. त्या गाळात फाटक्या चपलांशिवाय कुणाच्या जाळ्यात कधी काही आलेलं नाही, हे बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल. नकाशा खरा मानला, तर सगळ्या बोटी तिथे एकमेकींच्या डोक्यावर उभ्या राहायला हव्यात. आणि या गर्दीच्या ऐन मध्यावर टिकली कुणाची, तर बाईंच्या सख्ख्या थोरल्या भावाची. निघू नये म्हणून त्याने ती अंगठ्याने चांगली दाबून बसवली होती.

दीपस्तंभापलीकडे पाण्याखाली एक खडकाळ उंचवटा आहे. दादाची खरी जागा ती. त्याचं घर, बोट, मुलीचं शिक्षण, सगळं त्या उंचवट्यावर चाललेलं. नकाशावर मात्र तिथे पांढरं शुभ्र. एक लाल ठिपका असेल तर शपथ. पवनचक्की कंपनीच्या टायवाल्याने ती कोरी जागा बरोबर हेरली आणि रीतसर मागितली.

बाई त्याच संध्याकाळी दादाच्या घरी गेल्या.

"दादा, मधली जागा कोरी राहिली आहे. कंपनीने मागितलीय."

"कुठली मधली?" दादा जाळं शिवत होता. त्याने मानही वर केली नाही.

"तूच सांग कुठली."

"मला काय ठाऊक? मी गाळात जातो."

वहिनी घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. उंचवट्याची गोष्ट बाईंना तिनेच सांगितली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

"सोंग पुरे," बाई म्हणाल्या. "एकदा पवनचक्क्या लागल्या की तिथे जाळं टाकता येणार नाही. बोट विकावी लागेल तुला. एक टिकली लाव, एवढंच म्हणतेय मी."

"आज टिकली लावतो, उद्या बोका तिथे हजर." बोका हा दादाचा शेजारी. त्याची बोट दादाच्या बोटीला खेटून उभी असायची आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. "सगळ्या बंदराला पत्ता देऊ? त्यापेक्षा दवंडी पिटतो."

"अरे, जागाच राहिली नाही तर बोक्यापासून काय लपवणार आहेस?"

"ते तेव्हाचं तेव्हा बघू. आणि हे बघ, तू तिथे तोंड उघडलंस ना, तर मला बहीण नव्हतीच असं समजेन."

आता या माणसाला काय म्हणावं? घर जळालं तरी चालेल, पण शेजाऱ्याला विहीर दाखवणार नाही. बाईंनी कार्यालयात साहेबांपुढे विषय काढून पाहिला. साहेब म्हणाले, "बाई, बोट तुमच्या भावाची. तुम्ही बोललात की टायवाला कोर्टात जाणार. नोंद त्यांनीच करायला हवी. नोंद नाही म्हणजे मासेमारी नाही." साहेबांचंही काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त संताप आला.

शेवटची बैठक. त्यानंतर नकाशा राजधानीला जाणार आणि पक्का होणार. टायवाला उभा राहिला. बिचारा बोलायला अगदी गोड. "ही जागा रिकामी आहे, कुणाचंही नुकसान नाही," तो म्हणाला.

"कुणाची हरकत?" बाईंनी विचारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी थेट दादाकडे बघत. दादा वर पंख्याकडे बघत होता. हा गाढव माणूस खरंच सगळं घालवून बसणार होता, आणि तेही त्यांच्याच अध्यक्षतेखाली.

त्यांनी नजर फिरवली तेव्हा बोकाही पंख्याकडे बघत होता. त्याच्या शेजारचा म्हातारा नाखवाही. पलीकडची अख्खी रांग माना वर करून बसली होती. आणि पंखा तर बंद होता.

असं आहे होय, बाई मनात म्हणाल्या.

त्यांनी नवा कोरा नकाशा काढला, बाजूच्या खोलीतल्या टेबलावर पसरला आणि परत येऊन कमरेवर हात ठेवले. "तुमची जागा तुम्ही मेलात तरी सांगणार नाही, ते कळलं मला. नका सांगू. शेजाऱ्याची सांगा. तुमच्या शेजारी ज्याची बोट लागते तो खरा कुठे जातो, तिथे टिकली लावा आणि सही करा. एकेकाने आत जायचं."

मग बोका उठला तो जवळजवळ धावतच. त्याच्यामागे रांग लागली. स्वतःच्या जागेला ज्यांना अख्खी सकाळ पुरली नव्हती, त्यांना शेजाऱ्याच्या जागेला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. एकाने तर परत येऊन आणखी एक टिकली मागितली, म्हणाला, मेहुण्याचीही माहीत आहे.

बाईंनी नकाशा बाहेर आणून भिंतीला लावला. गाळ मोकळा होता. दीपस्तंभापलीकडच्या उंचवट्यावर टिकल्यांवर टिकल्या चढून नुसता लाल ढीग झाला होता.

दादा खुर्चीवरून उठला. "मी तिथे जातो हे तुला कसं कळलं रे?" त्याने बोक्याला विचारलं.

"मी असतो ना तिथे," बोका म्हणाला. "तू निघालास की मी येतो."

"आणि मग मी," म्हातारा नाखवा म्हणाला.

मग जो गोंधळ उडाला तो काही विचारू नका. कोण कुणाचा माग काढत होता, कुणी कधीपासून दिवे मालवून जायला सुरुवात केली, सगळं चव्हाट्यावर. साहेबांनी आपल्या हाताने एकेक वाक्य इतिवृत्तात उतरवलं. टायवाल्याने कागद आवरले आणि दुसरी जागा बघतो म्हणाला. उंचवटा मासेमारीसाठी राखून ठेवला गेला.

बाई बाहेर आल्या तेव्हा दादा पायरीवर बसला होता. जागा वाचली, बोट वाचली, आता तरी हा नीट दोन शब्द बोलेल असं त्यांना वाटलं होतं.

"बोक्याला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"त्याच्या वडिलांनी. शेवटच्या घटकेला, कानात. आत्ताच सांगत होता."

"बाबांनीही मला कानातच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, सगळ्या बंदरात हे फक्त त्यांना ठाऊक, आणि त्यांनी ते मला दिलं. त्यापेक्षा पवनचक्क्या आल्या असत्या तर बरं झालं असतं."

आणि तो ते मनापासून बोलत होता. बाईंचं डोकं सणकलं. तीन वर्षं, इतक्या बैठका, इतकी बिस्किटं, आणि वर हे ऐकायचं. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि दादाला रडताना त्यांनी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्या त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"मलाही बोलावलं होतं त्यांनी जवळ," त्या म्हणाल्या. "मी कान तोंडाशी नेला. तर म्हणाले, दादाला आत पाठव."

दादाने वळून बहिणीकडे पाहिलं. हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.